खालाचा पत्ता

थोरला मुलगा जर्मनीला नोकरीसाठी गेला. पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला तेव्हा आम्हाला वाटलं, थंडीचं सांगेल, जेवणाचे हाल सांगेल. पण हलाल मटणाचं दुकान त्यानं दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं होतं. त्याला काळजी लागली होती ती पत्त्याची.

"अब्बा, इथं नव्या घरात राहायला आलं की दोन आठवड्यांच्या आत सरकारी कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. आणि सोबत घरमालकाची सही असलेला कागद लागतो."

"मग घे की सही."

"मी मित्राच्या खोलीवर उतरलोय. त्याचा घरमालक म्हणतो, मी खोली एकालाच भाड्यानं दिलीय, दुसऱ्याचा कागद देणार नाही."

या नोंदणीला तिकडे 'आनमेल्डुंग' म्हणतात. कायदा सगळ्यांना सारखाच. परदेशातून आलेला असो की तिथंच जन्मलेला जर्मन, घर बदललं की नोंद करायची. घरमालकानं भाडेकरू खरोखर राहायला आल्याचं लिहून देण्याची अट १ नोव्हेंबर २०१५ पासून आहे. नोंद झाली की मग अकरा आकडी कर क्रमांक टपालानं घरी येतो, बँकेतलं खातं, पगार, सगळं त्यामागून चालतं. आणि टपाल यायचं तर दाराच्या पेटीवर आपलं नाव चिकटवलेलं हवं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. नोंदणीत धर्माचाही प्रश्न असतो. ते ऐकून अम्मी दचकल्या. "धर्म कशाला विचारतात?" मुलानं समजावलं की तिकडच्या मोठ्या चर्चच्या सभासदांकडून सरकार पगारातून चर्चचा कर कापून घेतं, त्यासाठी ती नोंद. आपला त्याच्याशी संबंध नाही.

शेवटी त्यानं महाग का होईना, पण कागद देणारी खोली घेतली, मुदतीत नोंद केली आणि टपालपेटीवरच्या आपल्या नावाचा फोटो पाठवला. आम्ही तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी अभिनंदन असं केलं की जणू त्यानं तिकडे बंगला बांधला.

त्याच महिन्यात आमच्या चंद्रपूरच्या घरी मतदारयादीचं काम पाहणाऱ्या बीएलओ ताई आल्या. अंगणवाडीत काम करतात, ओळखीच्या आहेत. यादी काढून एकेक नाव वाचू लागल्या. मुलाचं नाव आलं तेव्हा आम्ही सांगितलं, तो परदेशात असतो. त्यांनी पेन थांबवलं. "किती दिवसांसाठी?" आम्ही म्हटलं, तीन वर्षांचा करार आहे, पुढचं अल्लाहला माहीत. त्या म्हणाल्या, "मग हे नाव इथं ठेवता येणार नाही बहुतेक. विचारून सांगते."

खरं सांगायचं तर त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. नाव कापलं जाणार, एवढाच शब्द डोक्यात घुमत राहिला. आपल्या घरांत सध्या कागदांची जी धास्ती आहे ती वाचकांना वेगळी सांगायला नको. आजोबांचा शाळेचा दाखला, अब्बांच्या नावातलं एक अक्षर इकडे वेगळं, तिकडे वेगळं, हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेली घरं आम्ही खूप पाहिली आहेत. आमचंही त्यांतलंच एक. मुलानं तिकडे पंधरवड्यात पत्ता मिळवला आणि इकडचा पिढ्यांचा पत्ता जातो की काय, असं झालं.

अशा मनःस्थितीत आम्ही खालाकडे निघालो. तिच्या नातवाचा वलिमा होता. खाला राहते जिवती तालुक्यात, डोंगरावर, तेलंगणाच्या सीमेवर. आमच्याकडे त्या भागाला नुसतं 'पहाड' म्हणतात. पहाडावर गेलो होतो म्हटलं की चंद्रपूरच्या माणसाला कळतं.

बल्लारपूर मागे टाकून वर्धा नदीचा पूल ओलांडला की जुनी निजामाची हद्द सुरू होते. अलीकडचा मुलूख इंग्रजांच्या मध्यप्रांतातला चांदा जिल्हा, पलीकडचा हैदराबाद संस्थानातला. राजुरा तालुक्याच्या वाट्याला जेवढे पत्ते आले तेवढे क्वचितच कुणाच्या आले असतील. आधी हैदराबाद संस्थानातला आदिलाबाद जिल्हा. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा मुंबई राज्यात, आणि जिल्हा नांदेड! १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला. पुढे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि चांद्याचं चंद्रपूरही झालं. घर जागचं हललं नाही, घरातला माणूस हलला नाही, पण पाकिटावर लिहायचं ठिकाण बदलत गेलं. राजुऱ्यात चहाला थांबलो तिथं आमचे एक वृद्ध नातेवाईक भेटले. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत. ते वाचता येणारे आता मोजकेच उरले, त्यामुळे अजूनही शेतकरी कागद घेऊन त्यांच्याकडे येतात. कुणबी येतात, तेली येतात. ते चष्मा पुसून मोठ्यानं वाचून दाखवतात आणि फीबद्दल विचारलं तर चहा पाजा म्हणतात.

गडचांदूरला सिमेंटचे कारखाने. रस्त्याकडेच्या झाडांची पानंसुद्धा राखाडी. तिथून घाट चढला की हवा बदलते. सागाचं जंगल, मध्येच माणिकगड किल्ल्याची काळी तटबंदी, मग जिवती आणि त्यापुढे कापसाची उघडी पठारं. वेचणीचे दिवस होते. बायका कमरेला ओटी बांधून शेतात उभ्या होत्या. एका बांधावर गोंडी ऐकू आली, पुढच्या वळणावर तेलुगू, त्यापुढे बंजारा बोली, आणि खालाच्या दारात थेट जालन्याची मराठी.

"आल्या का गं बाई! किती वाट पाहायची मानसानं!"

खाला लग्न होऊन पहाडावर आली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. मराठवाड्यात विहिरी आटल्या, खडी फोडण्याच्या कामावर पोट भरेना, तेव्हा जालना, नांदेड, परभणीकडची शेकडो कुटुंबं इकडे सरकली. दलित, बंजारा, मराठा, थोडे मुसलमान. आदिवासी गोंड आणि कोलाम आधीपासूनच इथले. खालू सांगायचे, जंगलाच्या कडेला जमीन होती, पाणी होतं, आणि विचारणारं कुणी नव्हतं. विचारणारं कुणी नव्हतं हेच पुढे अडचणीचं झालं.

कारण नंतर विचारायला एकदम दोघं आले.

या भागातली परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार, येसापूर, नारायणगुडा अशी चौदा गावं महाराष्ट्र आपली म्हणतो आणि तेलंगणाही. महाराष्ट्राच्या कागदावर ती जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या कागदावर कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडलात. तेलंगणा २०१४ ला झाला, त्याआधी हाच दावा आंध्र प्रदेशचा होता. प्रकरण कोर्टापर्यंत जाऊन आलं. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूल मंत्र्यांनी ही गावं राज्यात सामील करून घेण्याची प्रक्रिया करू असं जाहीरही केलं. तरी खालाच्या गल्लीत दोन सरपंच आहेत, दोन शाळा आहेत, एक मराठी आणि एक तेलुगू. महाराजगुड्यातल्या एका घरावर तर वर्तमानपत्रांत किती लिहून आलंय. त्याच्या काही खोल्या एका राज्यात, काही दुसऱ्या.

वलिमा दुपारी आटोपला. बिर्याणीला तांदूळ कुठला, असं आम्ही सहज विचारलं, तर हशा पिकला. "इकडचा बी हाय, तिकडचा बी हाय. शिजल्यावर कोन वळखतो?" संध्याकाळी पाहुणे गेल्यावर खालानं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आम्ही मुलाच्या नावाची गोष्ट सांगितली होती, त्यावरचा हा तिचा जबाब होता.

पेटीतून तिनं जोड्या काढल्या. रेशनकार्डं दोन, एक मराठीतलं, एक तेलुगूतलं. मतदार ओळखपत्रं दोन. घरपट्टीच्या पावत्या दोन प्रकारच्या. आधारकार्ड मात्र एकच, कारण बोटांचे ठसे दोन राज्यांत वाटता येत नाहीत. तेलंगणाची निराधार पेन्शन २०१६ रुपये, महाराष्ट्राची १५०० रुपये. कुणाला ही मिळते, कुणाला ती, आणि शेजारच्या एका म्हातारीला दोन्हींकडून 'तुम्ही त्यांच्याकडच्या' असं उत्तर मिळून एकही नाही.

"दोन दोन कार्डं, मग तुमची चंगळच की," आमच्यातलं कुणीतरी बोलून गेलं.

खालाचा मुलगा शांत माणूस. तो म्हणाला, "सातबारा दाखवतो थांबा." आणि रिकामा हात पुढे केला.

तेच खरं. जमीन पन्नास वर्षं कसतात, पण मालकीचा कागद नाही. काही जमीन वनखात्याच्या नोंदीत अडकली आहे, काहीचा निकाल सीमेच्या वादामुळे लागत नाही. कागद नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही, सावकार आहे. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गावाला आशा वाटली होती. पण त्या कायद्यात आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं, त्या जंगलात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हिशोब केला तर १९३० जवळ येतं. दुष्काळात आलेल्या माणसानं तो पुरावा कुठून आणायचा? ओळखीचे पुरावे ढीगभर, आणि ज्या मातीत राहतो तिचा एक नाही.

मतदानाचा विषय निघाला तेव्हा जरा कुजबुज झाली. २०१९ च्या लोकसभेला चंद्रपूर आणि तेलंगणाचं मतदान एकाच दिवशी होतं, ११ एप्रिलला. २०२४ ला चंद्रपूरचं १९ एप्रिलला झालं आणि पलीकडच्या आदिलाबादचं १३ मेला. या गावांतले लोक दोन्हीकडे मत देतात अशा बातम्या वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. खालाच्या घरात कोणी काय केलं ते आम्ही विचारलं नाही. कायद्यानं एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असूच शकत नाही, मग आपल्याला कार्ड कुणीही दिलेलं असो. हे नातवाला आम्ही सांगितलं. तो म्हणाला, "काका, एकीकडचं नाव काढायला मी तयार आहे. पण कुठलं काढू? ज्यांचं काढीन ते उद्या म्हणतील, बघा, हा स्वतःच आमचा नाही म्हणाला." याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. चूक ती चूकच, एक माणूस एक मत, यात आमची सूट नाही. पण दोन सरकारांनी पन्नास वर्षं घातलेला गुंता एकवीस वर्षांच्या पोरानं सोडवावा, हेही आम्हाला पटेना.

रात्री अंगणात शेकोटीभोवती बसलो तेव्हा आम्हाला गडचिरोलीकडचे दिवस आठवले. नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षं मुलचेरा भागात काढली. तिकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत. ते लोक खरोखर परदेशातून आलेले, आणि सरकारनं छावणीच्या रजिस्टरात नावं नोंदवून, जमीन नेमून देऊन जंगलात वसवलेले. त्यांच्याकडे आल्याची नोंद आहे. त्यांची अडचण वेगळी. बंगालमध्ये नमःशूद्र म्हणून अनुसूचित जातीत धरले जाणारे हे लोक महाराष्ट्रात त्या यादीत नाहीत. मूळ गाव गेलं, त्याबरोबर जातीचा दाखलाही गेला. आमच्या शेजारच्या बंगाली काकू तलावातली मासळी पाठवताना म्हणायच्या, आमचं गाव नकाशावर आहे पण त्या देशात आता आमचं कुणी नाही. खालाला ही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ निखारे ढोसत बसली. मग म्हणाली, "त्यांना निदान कुनी आनलं तरी. आमी आपले आपनच आलो."

इशाच्या नमाजनंतर मुलाचा फोन आला. तिकडे अजून उजेड होता. खालानं फोन हिसकावूनच घेतला. बोलता बोलता तो म्हणाला, "खाला, एक विचारायचं होतं. मी इथं नमाज कसर पढायची की पूर्ण?"

खालाला लिहितावाचता येत नाही, पण दीन तिला तोंडपाठ आहे. तिनं उलट विचारलं, "किती दिस ऱ्हायची नियत हाय तुजी?"

"तीन वर्षं."

"मग मुसाफिर कसा तू? पंदरा दिसाची नियत केली की मानूस मुकीम. पुरी पढायची."

आपण हनफी मंडळी लहानपणापासून हे ऐकत आलो. पंधरा दिवस किंवा जास्त मुक्कामाची नियत असेल तर माणूस मुकीम, पूर्ण नमाज. त्याहून कमी असेल तर मुसाफिर, चार रकातींच्या फर्जच्या दोन. पण त्या रात्री प्रथमच लक्षात आलं की जर्मनीचा कायदाही माणसाला साधारण तेवढेच दिवस देतो आणि मग विचारतो, राहणार आहेस ना, मग सांग कुठं. पुढचा प्रश्न मुलाचाच होता. "आणि सुट्टीत चंद्रपूरला आठ दिवस आलो तर? तिथं मुसाफिर होईन का?"

आता खाला चिडली. "आपल्या घरात कुनी मुसाफिर असतंय व्हय? ते तुजं वतन हाय."

फिक्हमध्ये याला शब्द आहेत. जिथं माणूस कायमचा राहतो ते वतन-ए-असली, आणि जिथं कामापुरता मुक्काम ठोकतो ते वतन-ए-इकामत. मुक्कामाचं वतन माणूस निघाला की संपतं. असली वतन नुसतं दूर गेल्यानं संपत नाही, ते कायमचं सोडून दुसरीकडे घर केलं तरच संपतं. नोकरीसाठी परदेशी गेलेला मुलगा आठ दिवसांसाठी घरी आला तरी घरी पूर्ण नमाज पढतो, ते यामुळे. खालानं फोन परत दिला आणि आमच्याकडे असं पाहिलं की जणू बीएलओ ताईंच्या प्रश्नाचाही निकाल लागला.

निकाल काही तिथं लागला नव्हता, पण डोकं ताळ्यावर आलं होतं. चंद्रपूरला परतल्यावर आम्ही भीत भीत का होईना, कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेतलं. ते इथं लिहितो, कारण आखातात, युरोपात मुलं असलेली घरं आपल्यात पुष्कळ आहेत.

मतदारयादीत नाव राहतं ते माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथं. घर मालकीचं आहे एवढ्यावर कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि थोड्या दिवसांसाठी बाहेर गेला म्हणून रहिवास संपतही नाही. पण वर्षानुवर्षं परदेशात असेल तर साध्या यादीतलं नाव निघू शकतं. त्याचा अर्थ तो परका झाला असा मुळीच नाही. नागरिकत्व मतदारयादीवर अवलंबून नसतं. आणि नाव काढलं की विषय संपला असंही नाही. २०११ पासून परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना 'प्रवासी मतदार' म्हणून नाव नोंदवता येतं. त्यासाठी फॉर्म ६-अ आहे, तो ऑनलाइनही भरता येतो. अट एवढीच की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. नाव नोंदलं जातं ते पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर, यादीच्या शेवटी वेगळ्या भागात. वेगळं ओळखपत्र मिळत नाही, जुनं असेल तर परत करावं लागतं. मतदानाच्या दिवशी स्वतः येऊन मूळ पासपोर्ट दाखवला की मत देता येतं. जर्मनीहून कोण मतदानाला येणार, असं कुणी म्हणेल. नसेल यायचं तर नको येऊ दे, नाव तरी खऱ्या जागी राहील.

म्हणून पासपोर्टवरचा पत्ता पोरं जाण्याआधीच तपासून घ्या. आमच्या मुलाच्या पासपोर्टवर सुदैवानं चंद्रपूरचंच घर होतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या पासपोर्टवर त्याच्या कॉलेजच्या काळातल्या नागपूरच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता आहे, आणि त्या घराचा मालकसुद्धा आता तिथं राहत नाही. तसंच, परदेशातून कायमचं परतताना तिकडची नोंद रद्द करून यायला पोरांना सांगा. जर्मनीत तेही करावं लागतं. मागे राहिलेल्या नोंदीचा त्रास कसा होतो ते खालाची पेटी पाहिल्यावर सांगायची गरज उरत नाही.

मुलानं रविवारी बसून फॉर्म भरला, पासपोर्टची आणि व्हिसाची पानं जोडली. काही दिवसांनी बीएलओ ताई पुन्हा दारात. या वेळी त्यांच्या हातात त्याच्या पासपोर्टची प्रत होती. अशा अर्जात पत्त्यावर येऊन नातेवाइकांना विचारायचं असतं, असं त्या म्हणाल्या.

"हा तुमचा मुलगा?"

"हो."

"हे घर त्याचं?"

आम्ही दोघांनी एकदमच हो म्हटलं. त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला. अम्मी आधी चष्मा शोधायला आत गेल्या आणि येताना चहा घेऊन आल्या.